रंग गेला, पण गेला कुठे? बिनलेबलाच्या दोन बाटल्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

अकरावीला हायड्रोकार्बन, म्हणजे नुसत्या कार्बन-हायड्रोजनची संयुगे, शिकवून झाले की एक छोटे प्रात्यक्षिक ठरलेले असते. एक संपृक्त द्रव (कार्बनमधले सगळे बंध एकेरी) घ्यायचा, एक असंपृक्त (कुठेतरी दुहेरी किंवा तिहेरी बंध), दोन्हींत ब्रोमीन वॉटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले ब्रोमीन, घालून परीक्षानळी हलवायची. असंपृक्तात तांबूस-पिवळा रंग लगेच जातो, संपृक्तात टिकतो. जर्नलमध्ये तीन ओळी लिहायच्या, सही घ्यायची, सुटायचे. मी हे इतक्या वेळा घेतले आहे की आता डोके बाजूला ठेवूनही घेता येते. त्या वर्षी तसेच घेतले.

संपृक्त द्रव म्हणून आम्ही सायक्लोहेक्झेन वापरतो आणि असंपृक्त म्हणून सायक्लोहेक्झीन. दोन्ही रंगहीन, पाण्याहून हलके, पाण्यात न मिसळणारे आणि झटकन पेट घेणारे. दोन्हींत सहा कार्बनचे वलय. पहिल्यात वलयातले सगळे बंध एकेरी, दुसऱ्यात एका ठिकाणी दुहेरी. नावातला फरक त्याहून बारीक, शेवटी मात्रा की वेलांटी एवढाच. ‘एन’ म्हणजे सगळे बंध एकेरी, ‘ईन’ म्हणजे कुठेतरी दुहेरी, ‘आइन’ म्हणजे तिहेरी, हे ईथेन, ईथीन, ईथाइन म्हणून मुलांकडून घोटून घेतलेले असते.

नेमकी ती मात्रा-वेलांटीच पुसली गेली. मोठ्या बाटल्यांतला द्रव लहान तपकिरी बाटल्यांत काढून काचेवर मार्करने नाव लिहायची आमच्याकडे पद्धत होती. ओतताना द्रवाचा ओघळ बाटलीवरून खाली येतो, आणि मार्करची शाई असल्या द्रावकात मस्त विरघळते. प्रात्यक्षिकाच्या सकाळी कपाटातून काढल्या तेव्हा दोन्ही बाटल्यांवर ‘सायक्लोहेक्झ’पर्यंत कसेबसे वाचता येत होते, पुढे निळा फराटा. मोठ्या बाटल्या संपून टाकून दिलेल्या. साठ्याच्या नोंदवहीत सायक्लो-नावाची ही दोनच रसायने होती, म्हणून एक ‘हे’ आणि एक ‘ते’ असणार एवढे कळत होते. कुठले कुठले, ते नाही.

पहिला निर्णय, जो घाईत घेतला

प्रयोगशाळा सहाय्यक म्हणाले, “सर, आजचं प्रात्यक्षिक पुढे ढकलू या. मी दुपारी तपासून ठेवतो.” मला मात्र यात संधी दिसली. दरवर्षी मुले उत्तर आधीच माहीत असलेला प्रयोग करतात. या खेपेला खरेच अज्ञात पदार्थ हाती आहेत, तर ओळखू देत की त्यांनाच! मी दोन्ही बाटल्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, फळ्यावर दोन्ही द्रवांची नावे आणि प्रत्येकातल्या अणूंची संख्या लिहिली: सायक्लोहेक्झेनमध्ये कार्बन ६, हायड्रोजन १२, सायक्लोहेक्झीनमध्ये कार्बन ६, हायड्रोजन १०. आठ गट केले आणि कामाला लावले.

कल्पना वाईट नव्हती. फक्त मी स्वतः आधी परीक्षानळी हातात घेतली नाही. उत्तर मला तरी कुठे ठाऊक होते? पण ब्रोमीन वॉटर ते सांगेलच, असे गृहीत धरले होते.

अडचण

वीस मिनिटांनी निकाल फळ्यावर मांडले. ‘ब’बद्दल वाद नव्हता. आठही गटांत नळी दोन-तीनदा हलवताच रंग पार गेला. ‘अ’बद्दल तीन गटांनी लिहिले होते ‘रंग गेला नाही’ आणि पाच गटांनी ‘रंग गेला’. बहुमताने निकाल लावायचा तर दोन्ही द्रव असंपृक्त ठरत होते.

मग स्पष्टीकरणे सुरू झाली, आणि माझ्या दृष्टीने खरी अडचण त्यांत होती. एका मुलाचे म्हणणे, ‘अ’मध्ये ‘ब’ मिसळले गेले असेल, एकच ड्रॉपर दोन्हीकडे फिरला असेल. हे शक्य होते. एका गटाचे म्हणणे, आमचे ब्रोमीन वॉटर जुने, फिके होते. तेही शक्य. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “सर, ‘अ’ आणि ‘ब’ दोन्हींचा रंग जायलाच पाहिजे. सायक्लोहेक्झेनमध्ये सहाला बारा हायड्रोजन आहेत. कार्बनच्या दुप्पट हायड्रोजन म्हणजे अल्कीन, असं तुम्हीच शिकवलंय.”

शिकवले होते खरे. अल्केनमध्ये (सगळे बंध एकेरी) कार्बनच्या दुपटीहून दोन जास्त हायड्रोजन, अल्कीनमध्ये (एक दुहेरी बंध) बरोबर दुप्पट, अल्काइनमध्ये (एक तिहेरी बंध) दुपटीहून दोन कमी. समजातीय श्रेणींचा, म्हणजे एकाच साच्यातल्या संयुगांच्या मालिकांचा, तक्ता फळ्यावर काढला की हे तीन रकाने येतातच. ही सूत्रे सरळ किंवा फांद्या असलेल्या साखळीपुरती आहेत, वलयाला ती लागू नाहीत, हे मी एकदा बोलता बोलता सांगितले असेल. तक्त्यात लिहिले नव्हते, आणि मुले तक्ता पाठ करतात.

म्हणजे एकाच फळ्यावर तीन निरनिराळे गुंते होते. निरीक्षणात काहीतरी गडबड होती, बाटलीत भेसळ असल्याचा संशय होता, आणि संकल्पनेतली चूक त्या चुकीच्या निरीक्षणाला दुजोरा देत होती. तिसरा गुंता सर्वांत चिवट, कारण ज्या मुलीचा तर्क चुकला होता तिचा निष्कर्ष पाच गटांच्या निरीक्षणाशी तंतोतंत जुळत होता. ती कशाला माघार घेईल?

समोर असलेले पर्याय

तास संपायला पंचवीस मिनिटे होती.

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे सांगून मोकळे होणे: ‘ब’चा रंग सगळ्यांकडे झटकन गेला, म्हणून ‘ब’ सायक्लोहेक्झीन, ‘अ’ सायक्लोहेक्झेन, पाच गटांचे चुकले, लिहून घ्या. उत्तर बहुधा बरोबरच होते. पण पाच गटांनी डोळ्यांनी पाहिलेले मी केवळ पुस्तकाच्या जोरावर खोडले असते, आणि भेसळीचा प्रश्न तसाच राहिला असता.

नवे सहकारी डोकावले होते. ते म्हणाले, दोन्ही बाटल्या टाकाऊ द्रावकांच्या डब्यात रिकाम्या करा आणि नवे मागवा. सुरक्षेच्या काटेकोर नियमाने बोलायचे तर त्यांचेच बरोबर होते. लेबल नसलेले रसायन वापरू नये, हा प्रयोगशाळेतला पहिल्या दिवशीचा धडा.

एका मुलाने वास घेऊन बघू म्हटले. सायक्लोहेक्झीनला उग्र, नकोसा वास असतो आणि सरावलेल्या नाकाला फरक कळतोही. पण अज्ञात द्रवाचा वास घेऊन ओळख पटवायची सवय मुलांना लावायची नाही, म्हणून तो पर्याय तिथेच मिटला.

ऊर्ध्वपातन करून उत्कलनांक काढावा तर सायक्लोहेक्झेन उकळते ८०.७ अंश सेल्सिअसला आणि सायक्लोहेक्झीन सुमारे ८३ अंशांना. आमच्या तापमापीवर एवढ्या फरकावरून छातीठोक सांगता येणार नाही. शिवाय सायक्लोहेक्झीन हवेत बरेच दिवस राहिले की त्यात पेरॉक्साइड तयार होतात आणि असा जुना द्रव आटवत नेला तर स्फोटाचा धोका असतो. बाटली किती जुनी हे लेबलाबरोबरच पुसले गेले होते. हा पर्याय विचारातूनही काढून टाकला.

घनता मात्र जमण्यासारखी होती. सायक्लोहेक्झेनची ०.७८ ग्रॅम प्रति मिली, सायक्लोहेक्झीनची ०.८१. पिपेटने २५ मिली मोजून घेतले तर एक साडेएकोणीस ग्रॅम भरेल, दुसरे सव्वावीसच्या आसपास. आमच्या तराजूला हा फरक सहज दिसतो. पण एखाद-दोन टक्के भेसळ त्यात लपून जाते.

थंड, विरल पोटॅशिअम परमँगनेटची बायरची चाचणीही होती. जांभळा रंग जाऊन तपकिरी अवक्षेप आला तर दुहेरी बंध. चाचणी चांगली, पण ऑक्सिडीकरण होण्याजोगी दुसरी कुठलीही अशुद्धी असली तरी परमँगनेट रंग सोडते. एका संशयावर दुसरा संशय चढवल्यासारखे झाले असते.

लिटमस एका हुशार मुलाने सुचवला. त्याने वाचले होते की संपृक्त हायड्रोकार्बनवर ब्रोमीनची प्रतियोजन अभिक्रिया होते (हायड्रोजनच्या जागी ब्रोमीन बसते) तेव्हा हायड्रोजन ब्रोमाइड हे आम्ल बाहेर पडते, आणि समावेशन अभिक्रियेत (दुहेरी बंधाशी ब्रोमीन नुसते जोडले जाते) पडत नाही. मग निळा लिटमस लाल होतो का ते पाहू. तर्क सुरेख होता आणि मी जवळपास हो म्हणालोच होतो. पण ब्रोमीन वॉटर मुळातच आम्लधर्मी असते आणि वर लिटमसचा रंगही उडवते. त्यातून, पाण्याच्या उपस्थितीत सायक्लोहेक्झीनशी नुसते दोन ब्रोमीन जोडले जात नाहीत. बराच भाग असा बनतो की एका कार्बनवर ब्रोमीन आणि शेजारच्यावर पाण्यातून आलेला हायड्रॉक्सिल गट, आणि त्यातही हायड्रोजन ब्रोमाइड सुटतेच. म्हणजे दोन्ही नळ्यांत आम्ल. पाण्याऐवजी दुसऱ्या द्रावकातले ब्रोमीन घेतले असते तर त्याच्या कल्पनेत दम होता.

उरला तोच प्रयोग, पण नीट करून पाहण्याचा पर्याय. तो निवडला. भेसळीचा निकाल दुसऱ्या दिवशी लावायचा असे ठरवले. तेव्हा तो कसा लावणार हे मला ठाऊक नव्हते.

काय केले: पहिला दिवस

आधी मी पाच गटांना वेगवेगळे विचारले, “रंग गेला म्हणजे नक्की काय दिसलं? किती वेळात?” इथे गाठ सुटू लागली. तीन गट खिडकीजवळच्या टेबलांवर होते. त्यांच्या मते रंग ‘हळूहळू’ गेला, चार-पाच मिनिटे लागली. उरलेले दोन गट आतल्या बाजूचे. त्यांनी नळी दाखवली आणि बोट ठेवले खालच्या थरावर. “हे बघा सर, पाणी स्वच्छ झालं.”

पाणी खरेच स्वच्छ झाले होते. वरचा थर मात्र नारिंगी होता.

ती नळी मी पांढऱ्या कागदासमोर धरून सगळ्यांना दाखवली. खाली बोटभर नितळ पाणी, वर झगझगीत नारिंगी द्रव, मध्ये काचेसारखी रेघ. आतल्याच गटातली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे रंग गेला नाही, वर गेला!” ब्रोमीनचा रेणू अध्रुवीय, म्हणजे विद्युतभाराची टोके नसलेला. पाण्यात तो कसाबसा विरघळतो आणि सायक्लोहेक्झेन भेटले की पाणी सोडून तिकडे जातो. इथे कुठलीही अभिक्रिया नाही, ब्रोमीनने फक्त घर बदलले. मुलांना ब्रोमीन वॉटरचा रंग बघा असे सांगितले होते, म्हणून ती वॉटर बघत होती. सूचना अक्षरशः पाळली की असे होते.

मग चार नळ्या मांडल्या. पहिलीत ‘अ’ २ मिली आणि ब्रोमीन वॉटर १ मिली, खिडकीतल्या उन्हात. दुसरीत तेच, पण नळी आधीच ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळलेली. तिसरीत ‘ब’ आणि ब्रोमीन वॉटर, तीही गुंडाळलेली. चौथीत नुसते ब्रोमीन वॉटर, उन्हात. ब्रोमीन ओतण्याचे काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे घालून मीच केले. शेजारी सोडिअम थायोसल्फेटचे द्रावण तयार ठेवले होते, थेंब कुठे सांडलाच तर ब्रोमीन मारायला. बर्नर सगळे बंद.

दहा मिनिटांत जे दिसले ते असे. तिसरी नळी काही वेळा हलवून पत्रा काढला तेव्हा दोन्ही थर रंगहीन होते. अंधारातही ‘ब’ने ब्रोमीन पूर्ण खाऊन टाकले होते. दुसरी नळी उघडली तर वरचा थर नारिंगीच. पहिलीत, उन्हात, वरचा नारिंगी थर डोळ्यांदेखत फिका होत शेवटी पाण्यासारखा झाला. चौथीतले ब्रोमीन वॉटर होते तसेच पिवळे.

चौथ्या नळीचे महत्त्व मुलांच्या लक्षात आणून द्यावे लागले. ती नसती तर उन्हानेच ब्रोमीन उडाले असेल ही शंका राहिली असती. दुसरी आणि पहिली यांत फरक फक्त उजेडाचा. ब्रोमीनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे सुमारे १९३ किलोज्यूल पुरतात, एवढी ऊर्जा दृश्य प्रकाशातही असते. बंध तुटला की ब्रोमीनचे सुटे अणू, म्हणजे मुक्त मूलक, तयार होतात. ते सायक्लोहेक्झेनमधला एक हायड्रोजन ओढतात, त्याच्या जागी ब्रोमीन येऊन बसते आणि साखळी चालू राहते. ही प्रतियोजन अभिक्रिया. खिडकीजवळच्या तीन गटांचे निरीक्षण खोटे नव्हते. त्यांनी मला अपेक्षित नसलेली, पण पुस्तकात दोन पानांपूर्वी शिकवलेली अभिक्रिया पाहिली होती. मीथेन आणि क्लोरीनचे उदाहरण घेऊन ‘सूर्यप्रकाशात’ हा शब्द बाणावर लिहायला लावला होता, तो याच वहीत होता.

‘ब’ला उजेड लागत नाही याचे कारण दुहेरी बंधात आहे. कार्बन-कार्बन एकेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ३४८ किलोज्यूल लागतात, दुहेरीला सुमारे ६१४. दुपटीपेक्षा बरेच कमी. म्हणजे जोडीतला दुसरा बंध पहिल्याहून कच्चा. त्याचे इलेक्ट्रॉन दोन कार्बनच्या मधल्या रेषेवर नसून रेषेच्या वर-खाली पसरलेले, बाहेरून येणाऱ्या ब्रोमीनच्या सहज हाती लागणारे. तिथे आधी मूलक तयार होण्याची वाट बघावी लागत नाही.

काय केले: दुसरा दिवस

भेसळीचे उत्तर रात्री भौतिक स्थिरांकांचा तक्ता चाळताना सापडले. उत्कलनांकाच्या रकान्यात दोघे शेजारी होते. गोठणांकाच्या रकान्यात बघितले तर सायक्लोहेक्झेन ६.५ अंश सेल्सिअस आणि सायक्लोहेक्झीन उणे १०३.५! एका दुहेरी बंधाने एकशे दहा अंशांचा फरक. सायक्लोहेक्झेनचा रेणू बराच गोलसर आणि सममित असतो, स्फटिकात सहज रचला जातो. मला हे आकडे कधी तरी माहीत असणारच. पण ओळख पटवायची म्हटले की हात रासायनिक चाचणीकडेच जातो.

म्हणजे लागणार होता फक्त बर्फ. दुसऱ्या दिवशी चंचुपात्रात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घेतले, दोन परीक्षानळ्यांत ‘अ’ आणि ‘ब’ प्रत्येकी ५ मिली, दोन्हींत तापमापी. ‘ब’चे तापमान शून्याजवळ आले, द्रव तसाच हलत राहिला. ‘अ’चेही तापमान उतरत उतरत तीन अंशांवर आले आणि द्रव तसाच! वर्गात चुळबुळ. मला घाम फुटला. मग काचेच्या कांडीने नळीच्या आतल्या बाजूला हलकेच खरवडले आणि एका झटक्यात पांढरे स्फटिक पसरले, तापमापीचा पारा वर चढून सहाच्या किंचित वर थांबला. द्रव गोठणांकाखाली जाऊनही काही वेळ द्रवच राहतो, हे अतिशीतन मुलांनी एरवी कुठल्या प्रात्यक्षिकात पाहिले असते कोण जाणे.

पारा जिथे थांबला त्या आकड्यातच भेसळीचे उत्तर होते. सायक्लोहेक्झेन याबाबतीत फार हळवे आहे. एक किलो पाण्यात एक मोल परका पदार्थ विरघळला तर गोठणांक १.८६ अंशांनी उतरतो, सायक्लोहेक्झेनचा सुमारे २० अंशांनी. त्यात एक टक्का सायक्लोहेक्झीन मिसळले असते, म्हणजे किलोमागे १० ग्रॅम, तर मोलर वस्तुमान ८२ धरून ते ०.१२ मोल झाले, आणि गोठणांक अडीच अंशांनी खाली, चारवर आला असता. आमचा पारा सहाच्या वर होता. तापमापीची चूक धरूनही भेसळ अर्ध्या टक्क्याच्या आतच असणार होती.

एक फट राहत होती. सहा कार्बनचेच वलय असलेले बेंझीनही ५.५ अंशांना गोठते आणि तेही अंधारात ब्रोमीन वॉटरला दाद देत नाही. नोंदवहीत बेंझीन नव्हतेच, तरी खात्री म्हणून फ्यूम हूडमध्ये काचेच्या तबकडीवर ‘अ’चे दोन थेंब पेटवून पाहिले. बेंझीन भरपूर काजळी सोडत जळते. ही ज्योत पिवळी होती, पण तसा काळा धूर नव्हता. मायकेल फॅरेडेने १८२५ साली दिव्याच्या वायूपासून उरलेल्या तेलकट द्रवातून बेंझीन वेगळे काढले, तेही थंड करून स्फटिक पाडतच, हे जाता जाता सांगून घेतले. असल्या गोष्टीला याहून बरी वेळ मिळत नाही.

त्या मुलीचा तर्क

प्रयोगाने बाटल्यांचा प्रश्न सुटला, तिचा नाही. ती म्हणाली, “मग सहाला बारा हायड्रोजन असून हे अल्कीन कसं नाही?”

इथे मी तक्ता पुसला आणि मोजायला लावले. सहा कार्बनची सरळ साखळी घे, हेक्झेन. हायड्रोजन किती? चौदा. आता टोकाचे दोन कार्बन एकमेकांना जोडायचेत. प्रत्येकाचे चार हात आधीच गुंतलेले. मग काय करशील? “दोघांचा एकेक हायड्रोजन काढावा लागेल.” म्हणजे बारा उरले, आणि दुहेरी बंध एकही नाही. आता वलय नको, साखळीतच शेजारच्या दोन कार्बनमध्ये दुसरा बंध टाक. पुन्हा दोन हायड्रोजन कमी, पुन्हा बारा. हे हेक्झीन. रेणुसूत्र एकच, रचना दोन, म्हणजे दोन्ही एकमेकांचे समघटक. हायड्रोजनची एक जोडी कमी असणे म्हणजे एक वलय किंवा एक दुहेरी बंध, आणि यांतले कोणते, हे सूत्राला सांगता येत नाही. त्यासाठी परीक्षानळीकडे जावे लागते.

तिने स्वतःच पुढे मोजले. सायक्लोहेक्झीनमध्ये दहा, म्हणजे दोन जोड्या कमी: एक वलयाची, एक दुहेरी बंधाची. बेंझीनमध्ये सहा, चार जोड्या कमी. मग वहीवरून मान वर करून म्हणाली, “आणि तरी बेंझीन ब्रोमीन वॉटरचा रंग घालवत नाही?” नाही. तो वेगळा तास.

निष्पन्न

बाटल्यांना नावे मिळाली. जर्नलमध्ये ‘निरीक्षण’ या रकान्याचे दोन केले: वरच्या थराचा रंग, खालच्या थराचा रंग. शेजारी वेळ आणि उजेड लिहायला जागा. पाच गटांचे गुण कापले नाहीत.

उरलेल्या तीन गटांची वहीही मी पाहिली, ज्यांनी ‘रंग गेला नाही’ असे बरोबर लिहिले होते. दोन गटांनी वरचा नारिंगी थर खरोखर नोंदवला होता. तिसऱ्याला विचारले तेव्हा खालमानेने कबूल केले की नळी नीट पाहिली नव्हती, शेवटी एक तरी टिकला पाहिजे म्हणून ‘अ’ टिकला असे लिहिले. उत्तर बरोबर आणि निरीक्षण शून्य. दरवर्षीच्या प्रात्यक्षिकात अशा किती वह्यांवर मी सही केली असेल, याचा हिशेब न केलेला बरा.

पुढच्या चाचणीत चार कार्बन आणि आठ हायड्रोजन असलेल्या संयुगाच्या सगळ्या रचना विचारल्या. पूर्वी मुले ब्यूटीनवर थांबत. या वेळी बऱ्याच जणांनी सायक्लोब्यूटेन काढले, काहींनी तीन कार्बनच्या वलयाला मिथिल जोडलेलेही काढले. तरी ‘कार्बनच्या दुप्पट हायड्रोजन, म्हणून असंपृक्त’ हे वाक्य काही पेपरांत पुन्हा आलेच.

वेगळे काय करता आले असते

सहाय्यकांचे ऐकायला हवे होते. दुपारी त्यांच्याबरोबर बसून बर्फाची चाचणी करून घेतली असती, नावे निश्चित केली असती आणि मग मुद्दाम ‘अ’, ‘ब’ चिठ्ठ्या लावून मुलांना दिल्या असत्या, तर ओळखण्याची तीच मजा राहिली असती आणि मुलांच्या हाती खरोखर अनोळखी रसायन गेले नसते. नोंदवहीवरून ‘या दोनच असणार’ हा माझा अंदाज होता. अंदाज बरोबर निघाला म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. सहकाऱ्यांचा बाटल्या रिकाम्या करण्याचा सल्ला मला तेव्हा अतिरेकी वाटला होता, आता तितका वाटत नाही.

गुंडाळलेली नळी आणि नुसत्या ब्रोमीन वॉटरची नळी पहिल्यापासून प्रात्यक्षिकाचा भाग हव्यात. दोन नळ्या जास्त, पाच मिनिटे जास्त. त्या दिवशी टेबलांची जागा बदलली असती तर कदाचित सगळ्यांचे निकाल एकसारखे आले असते आणि उजेडाचा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसता. म्हणून खिडकीची टेबले मी आता मुद्दाम वापरतो.

समजातीय श्रेणींच्या तक्त्यात ‘फक्त साखळीसाठी’ हे दोन शब्द आता शीर्षकातच लिहितो.

आणि एक चूक दुसऱ्या दिवशी नव्याने केली. समजावण्याच्या भरात बोलून गेलो, “वलय ब्रोमीनच्या वाटेला जात नाही, दुहेरी बंध जातो.” आठवड्याने तीच मुलगी तीन कार्बनचे वलय घेऊन आली. सायक्लोप्रोपेनमध्ये बंधांचा कोन ६० अंशांचा, कार्बनला हवा असतो १०९.५ अंशांचा. एवढा ताण असताना ते वलय ब्रोमीनने उघडत नाही का? उघडते, आणि साखळीच्या दोन टोकांना ब्रोमीन लागते. परमँगनेटला मात्र ते दाद देत नाही. मला माझे वाक्य वर्गासमोर मागे घ्यावे लागले. सहाच्या वलयाबद्दल बोलत होतो, तर सहाचेच नाव घ्यायला हवे होते.

बाटल्यांवर आता कागदी लेबल आहे आणि त्यावर पेन्सिलने लिहिलेले नाव. ग्रॅफाइट या द्रावकांत विरघळत नाही. सहाय्यकांनी खबरदारी म्हणून नावाखाली गोठणांकही लिहून ठेवला आहे, आणि सायक्लोहेक्झीनच्या बाटलीवर ती कधी उघडली त्याची तारीख.